तीन पायऱ्यांची लाकडी पेटी आणि स्ट्रॉबेरी : जमीन वाचते की कडा वाढते?

२०२१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत उत्तर प्रदेशातील झाशी येथे स्ट्रॉबेरी महोत्सव भरविण्यात आला. बुंदेलखंड म्हटले की पाणीटंचाई, स्थलांतर आणि कोरडवाहू शेती यांचीच आठवण होते. अशा भूमीत थंड हवेच्या ठिकाणचे समजले जाणारे हे नाजूक फळ पिकावे, ही बाब लक्षणीय होती. कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने प्रथम घरी व नंतर शेतात केलेल्या यशस्वी प्रयोगाचा उल्लेख पंतप्रधानांनी ३१ जानेवारी २०२१ रोजी ‘मन की बात’मध्ये केला. घरामागील मोकळ्या जागेत किंवा गच्चीवर स्ट्रॉबेरी लावण्यास लोकांना प्रवृत्त करणे, हा या महोत्सवाचा एक हेतू होता.

परसबागेत स्ट्रॉबेरी लावायची म्हटले की सहसा एक विशिष्ट आकृती पुढे येते. एकावर एक ठेवलेल्या, वर लहान होत जाणाऱ्या लाकडी चौकटी, प्रत्येक पायरीवर रोपांची रांग आणि कडेवरून खाली लोंबणारी लाल फळे. ‘जागा कमी असेल तर वर चढा’ हे या पेटीमागचे गृहीतक होय. नागरी शेती, उभी शेती, भूमीची उत्पादकता, भांडवलाने जमिनीचे प्रतिस्थापन या संज्ञा स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमात वारंवार येतात. त्या पाठ केल्या जातात, परंतु त्यांचा हिशेब मांडून पाहण्याची संधी क्वचितच मिळते. ही पेटी एवढी लहान आहे की तिचा संपूर्ण हिशेब एका वहीच्या पानावर मावतो. म्हणूनच अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ती एकदा मोजून पाहणे उपयुक्त ठरेल.

पिकाची मागणी

स्ट्रॉबेरीची बहुतेक मुळे मातीच्या वरच्या १५ ते २० सेंटिमीटरमध्येच असतात. त्यामुळे तिला खोल जमीन लागत नाही. मात्र निचरा उत्तम लागतो आणि माती किंचित आम्लधर्मी, म्हणजे सामू ५.५ ते ६.५ च्या दरम्यान असावी लागते. लागवड करताना पाने जेथून फुटतात तो रोपाचा गड्डा मातीत गाडला गेला तर तो कुजतो आणि फार उघडा राहिला तर मुळे सुकतात. दिवसातून किमान ६ ते ८ तास ऊन हवे. आपल्याकडे लावल्या जाणाऱ्या बहुतेक जातींमध्ये दिवस लहान व हवा थंड होऊ लागली की कळ्या धरतात. म्हणून महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यात लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते आणि फळे नोव्हेंबर-डिसेंबरपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत निघतात.

या पिकाचा खरा शत्रू ओलसर मातीचा स्पर्श हा आहे. मातीला टेकलेल्या फळावर करडी बुरशी चढते आणि गोगलगायी त्याला भोके पाडतात. साल नसलेले हे फळ तोडल्यानंतर पिकत नाही आणि साठवणीतही फार दिवस टिकत नाही. म्हणून झाडावर किती फळे लागली यापेक्षा त्यांतील खाण्याजोगी किती हाती आली, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो.

पेटीचे माप

प्रचलित नमुन्यातील एक पेटी घेऊ. खालची चौकट १.२ मीटर लांब व तेवढीच रुंद, तिच्यावर ०.८ मीटरची दुसरी. सर्वांत वर ०.४ मीटरची तिसरी. प्रत्येक चौकटीची उंची २० सेंटिमीटर. दोन चौकटींच्या मध्ये चहूबाजूंनी २० सेंटिमीटर रुंदीची पायरी राहते. वरच्या चौकटी नुसत्या मातीवर ठेवल्यास माती खचताच त्या कलतात. म्हणून त्यांच्या कोपऱ्यांचे खांब खालच्या मातीतून थेट जमिनीपर्यंत न्यावेत आणि जोड खिळ्यांऐवजी स्क्रूने करावेत. भिजून-वाळून लाकूड हलते तेव्हा खिळे सुटतात.

आता लागवडीचे क्षेत्र मोजावे. खालची पायरी ०.८० चौरस मीटर, मधली ०.४८ आणि माथा ०.१६. बेरीज १.४४ चौरस मीटर. जमिनीवर ही पेटी जेवढी जागा व्यापते, तीही १.४४ चौरस मीटरच आहे. वरून पाहिले असता पायऱ्यांची बेरीज पायाइतकीच भरणार, हे भूमितीचे साधे सत्य आहे. मग पेटी तीन मजली असो वा दहा मजली. मातीचा उघडा पृष्ठभाग एका इंचानेही वाढत नाही.

रोपांची संख्या पाहिली तरी चित्र फारसे बदलत नाही. १.२ मीटरच्या सपाट वाफ्यात २५ सेंटिमीटर अंतराने ५ ओळींत ५ याप्रमाणे २५ रोपे बसतात. पायऱ्यांच्या पेटीत खाली १६, मध्ये ८ आणि माथ्यावर दाटीने ४ अशी २८ बसतात. तीन मजले चढून तीन रोपे मिळाली.

असे असले तरी पेटी निरर्थक ठरत नाही. तिच्यात वाढते ती कडा. सपाट वाफ्याची कडा ४.८ मीटर असते; पायऱ्यांच्या पेटीची ४.८, ३.२ आणि १.६ मिळून ९.६ मीटर, म्हणजे बरोबर दुप्पट. सपाट वाफ्यात २५ पैकी ९ रोपे आतल्या बाजूस अडकतात व त्यांची फळे मातीवर टेकतात. पेटीत सर्वच्या सर्व २८ रोपे काठावर येतात. घोस लाकडावरून बाहेर लोंबतात, वारा लागून लवकर सुकतात आणि तोडणीच्या वेळी हात पानांत खुपसावा लागत नाही. पेटी जमीन निर्माण करीत नाही. ती निचरा, वारा आणि हाताची पोच निर्माण करते. उत्पादनाच्या घटकांच्या भाषेत सांगावयाचे तर येथे भांडवल जमिनीची जागा घेत नसून श्रमाची आणि नासाडीची जागा घेते.

जागेच्या बचतीविषयी आणखी एक भ्रम दूर करणे आवश्यक आहे. महाबळेश्वरच्या शेतात एकरी सुमारे २२ हजार रोपे लावतात असे धरले, तर सऱ्या व वाटा धरून एका रोपास सुमारे ०.१८ चौरस मीटर जागा येते. पेटीत हा आकडा अवघा ०.०५ दिसतो आणि पेटी शेताच्या साडेतीन पट कार्यक्षम असल्याचा निष्कर्ष काढला जातो. परंतु पेटीभोवती फिरण्यासाठी चारही बाजूंना ६० सेंटिमीटर वाट सोडावीच लागते. ती धरल्यास व्यापलेली जागा ५.७६ चौरस मीटर होते आणि एका रोपास ०.२० चौरस मीटरहून थोडी जास्तच जागा पडते. शेताच्या आकड्यात वाट धरायची आणि पेटीच्या आकड्यात ती वगळायची, हा तुलनेतील दोष होय. शेतीच्या उत्पादकतेची कोणतीही तुलना वाचताना छेदात काय धरले आहे, हे प्रथम पाहावे.

सूर्य कोठे आहे?

पायऱ्यांची ही आकृती मुख्यतः थंड प्रदेशांतील बागांमधून आली. तेथे स्ट्रॉबेरी उन्हाळ्यात पिकते. जूनच्या उत्तरार्धात लंडनला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ६२ अंश उंच असतो. २० सेंटिमीटरच्या पायरीची सावली तेव्हा ११ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे रोपांच्या ओळीपर्यंत जेमतेम पोहोचते. आपल्याकडे हे पीक हिवाळ्यातले. २२ डिसेंबरच्या सुमारास झाशीत माध्यान्हीचा सूर्य सुमारे ४१ अंशांवर असतो आणि त्याच पायरीची सावली २३ सेंटिमीटर पडते. पायरीची रुंदी मात्र २० सेंटिमीटरच आहे. महाबळेश्वरला सूर्य ४८-४९ अंशांवर असल्याने सावली १८ सेंटिमीटरच्या आसपास येते. तीही रोपाच्या गड्ड्यापलीकडे जाते.

याचा परिणाम असा की ऐन माध्यान्ही उत्तरेकडील खालच्या पायरीवरची मधली ३ रोपे आणि मधल्या पायरीवरचे १ रोप सावलीत जाते. उंची वाढवून तीन रोपे मिळविली आणि चार सावलीत घातली, असा हा व्यवहार झाला. सकाळ-संध्याकाळी सावली इतर बाजूंवर फिरते, ती वेगळीच.

ज्या देशात सूर्य डोक्यावर असताना पीक येते, तेथील आकृती सूर्य कललेला असतानाच्या पिकासाठी जशीच्या तशी उचलली, की असे होते. तंत्रज्ञानाच्या हस्तांतरणासंबंधी पाठ्यपुस्तकात जे मोठ्या यंत्रांच्या संदर्भात सांगितले जाते, ते चार फळ्यांनाही लागू पडते. प्रत्येक आकृतीत तिच्या मूळ स्थळाचे हवामान, मजुरीचे दर आणि लाकडाची उपलब्धता ही गृहीतके दडलेली असतात.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे चौकोनी मनोरा न करता दक्षिणेकडे उतरणारा जिना करणे. १.२ मीटर लांबीचे, तीन पायऱ्यांचे असे दोन जिने १.४४ चौरस मीटरमध्येच बसतात आणि त्यांत ३० रोपे मावतात. त्यांमध्ये पुरेसे अंतर ठेवले तर माध्यान्ही कोणतेही रोप सावलीत जात नाही. पण मग जागाही वाढते. शिवाय मागची भिंत व बाजू धरून एका जिन्यालाच ९.६ मीटर फळी लागते, म्हणजे दोन जिन्यांना मनोऱ्याच्या दुप्पट लाकूड. ऊन फुकट असते, पण त्याच्या वाटेत उभे न राहण्यास पैसे पडतात.

दुसरा उपाय स्वस्त आहे. वरच्या दोन चौकटींची उंची २० ऐवजी १० सेंटिमीटर ठेवावी. खालची माती सलग असल्यामुळे मुळांना खोली पुरेशी मिळते, कडा तेवढीच राहते, सावली निम्मी होते आणि फळी ९.६ वरून ७.२ मीटरवर येते. फळे लोंबण्यास उंची थोडी कमी पडते, हे मान्य करावे लागेल. एवढा सोपा फेरफार सहसा कोणी करीत नाही, कारण बुटकी पेटी छायाचित्रात भारदस्त दिसत नाही.

माती आणि वजन

मूळ पेटीत ०.४४८ घनमीटर माती मावते. तेवढ्याच क्षेत्राच्या, तेवढ्याच खोलीच्या सपाट वाफ्याला ०.२८८ घनमीटर पुरते. उरलेली ०.१६ घनमीटर, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून अधिक माती वरच्या चौकटींखाली झाकलेली असते व तिच्यात काहीच उगवत नाही. तेथे विटांचे तुकडे अथवा नारळाच्या शेंड्या भरल्या तरी चालते.

गच्चीवर ही पेटी ठेवू इच्छिणाऱ्यांनी पुढील आकडे पाहावेत. ओल्या साध्या मातीचे वजन घनमीटरला दीड टनाहून अधिक असते. १.६ टन धरल्यास भरलेली पेटी सुमारे ७ क्विंटलची होते व गच्चीवर प्रति चौरस मीटर सुमारे ५०० किलो भार पडतो. भारतीय मानक संस्थेच्या आयएस ८७५ या मानकानुसार ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी प्रति चौरस मीटर १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो भार धरतात. कोकोपीट व कंपोस्टचे हलके मिश्रण वापरले तरी आकडा २५० च्या आसपास राहतो. सारांश, मनोरा अंगणातच असावा. गच्चीवर १५ सेंटिमीटर खोलीच्या सुट्या, लांबट पेट्या ठेवाव्यात आणि त्याही स्थापत्य अभियंत्याला विचारून.

पाण्याचा प्रश्नही उंचीबरोबर येतो. माथा सर्वांत आधी सुकतो, तळ सर्वांत उशिरा. सर्वत्र सारखे पाणी घातले तर वरची रोपे कोमेजतात व खालची कुजतात.

लाकूड कोणते?

सागवान महाग पण दीर्घायुषी. आंबा किंवा पाइनच्या खोक्यांचे लाकूड स्वस्त पण वाळवी व ओलाव्यापुढे न टिकणारे. हल्ली मालवाहतुकीच्या जुन्या पॅलेटच्या फळ्या पुष्कळ वापरल्या जातात. आयात मालासोबत आलेल्या पॅलेटवर आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय मानकाचा शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ ही अक्षरे असल्यास लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले, ‘एमबी’ असल्यास मिथिल ब्रोमाइड वायूने. खाद्यपिकासाठी पहिल्या प्रकारचेच निवडावे. आर्सेनिकयुक्त रसायनाने टिकाऊ केलेले जुने लाकूड तर पूर्णपणे टाळावे.

मिथिल ब्रोमाइडचा स्ट्रॉबेरीशी असलेला संबंध पॅलेटपुरताच नाही. ओझोन थराला हानिकारक म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात १९९२ मध्ये या वायूचा समावेश करण्यात आला. विकसित देशांनी २००५ पर्यंत व विकसनशील देशांनी २०१५ पर्यंत त्याचा वापर थांबवावयाचा होता. संगरोध व निर्यातपूर्व प्रक्रियेस सूट होती, आणि म्हणूनच पॅलेटवर ‘एमबी’ दिसते. कॅलिफोर्नियातील स्ट्रॉबेरी उत्पादक लागवडीपूर्वी जमीन निर्जंतुक करण्यासाठी हाच वायू वापरीत आणि त्यांच्यासाठीची विशेष सवलत २०१६ पर्यंत चालू राहिली. पर्यायी वस्तू महाग असेल तेव्हा आंतरराष्ट्रीय करार किती लांबतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

लाकडाला पर्याय म्हणून बांबूचाही विचार व्हावा. भारतीय वन कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला आणि वनक्षेत्राबाहेर वाढलेल्या बांबूची तोड व वाहतूक सुकर झाली.

हिशेब

पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल गृहीत धरले आहेत. स्थानिक दर घालून विद्यार्थ्यांना ते बदलता येतील. समजा, टिकाऊ लाकडाच्या पायऱ्यांच्या पेटीस ६,००० रुपये खर्च आला आणि ती ८ वर्षे टिकली. वार्षिक घसारा ७५० रुपये. खोक्यांच्या लाकडाची पेटी २,४०० रुपयांत झाली, पण २ वर्षांत कुजली. तिचा घसारा १,२०० रुपये. स्वस्त वस्तू महाग पडते, हे घरोघरी ठाऊक असलेले सत्य घसाऱ्याच्या रकान्यात असे दिसते.

२८ रोपांना प्रत्येकी पाव किलो फळ धरल्यास ७ किलो उत्पन्न. किलोस २०० रुपये दराने १,४०० रुपये. रोपांचे ३३६ आणि खत-मातीचे ३०० रुपये वजा जाता ७६४ उरतात. टिकाऊ पेटीचा घसारा वजा केल्यावर शिल्लक १४ रुपये, आणि घरच्या माणसाची रोजची मेहनत अजून मोजलेलीच नाही.

सपाट वाफ्याला निम्मी फळी लागते. त्याचा घसारा ३७५ रुपये धरू. २५ रोपांचे सव्वासहा किलो फळ, म्हणजे १,२५० रुपये. रोपांचे ३०० व खताचे ३०० वजा करून ६५०. घसारा जाता २७५ रुपये शिल्लक. दोहोंतील फरक २६१ रुपयांचा, म्हणजे सुमारे १.३ किलो फळांचा. सपाट वाफ्यातील एकपंचमांशाहून अधिक फळे मातीस टेकून नासत असतील आणि पेटीत एकही नासत नसेल, तरच पायऱ्यांवरील जादा भांडवल सार्थकी लागेल. नासाडी त्याहून कमी असेल तर फळांखाली पसरलेले मूठभर भाताचे काड तेच काम जवळजवळ फुकटात करते. सीमांत विश्लेषण म्हणतात ते हेच. पेटी फायद्याची आहे काय, हा प्रश्न अपुरा आहे. तिच्या खालोखालच्या पर्यायापेक्षा ती किती अधिक देते, असे विचारावे लागते.

येथे २०० रुपये हा दर किरकोळ बाजाराचा धरला आहे व ते योग्यही आहे, कारण घरी पिकलेले फळ बाजारातून आणावयाच्या फळाची जागा घेते. शेतकऱ्याला तो दर मिळत नाही. वेष्टन, वाहतूक, अडत आणि नासाडी यांचा वाटा त्यातून जातो. परसबागेचे गणित जुळते ते बव्हंशी या मधल्या अंतरामुळे. राष्ट्रीय लेखा पद्धतीत स्वतःच्या उपभोगासाठी पिकविलेल्या वस्तू उत्पादनाच्या कक्षेत येतात, तर घरच्यांसाठी केलेली विनामोबदला सेवा येत नाही. त्यामुळे अंगणातील सात किलो स्ट्रॉबेरी तत्त्वतः देशांतर्गत उत्पादनात मोडते. तिला पाणी घालून पुढे तिचा मुरंबा करून वाढणाऱ्या गृहिणीच्या वेळेचे मोल मात्र कोठेच नोंदले जात नाही.

शेतातील पायरी

महाबळेश्वर परिसरातील स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील शेतकरी लाकूड वापरीत नाही. परंतु पेटीचे काम तो करतोच. उंच गादीवाफा निचरा देतो, प्लास्टिकचे आच्छादन फळ व माती यांच्यात अंतर ठेवते, दोन ओळींची मांडणी प्रत्येक रोपाला कडा देते आणि ठिबकची नळी पाणी मोजून सोडते. मेघालयातील री-भोई जिल्ह्यातील सोहलिया गावाने आणि हरियाणातील हिसार भागातील शेतकऱ्यांनीही हे पीक आपलेसे केले आहे. त्या साऱ्यांचा खरा अडसर चौकटीचा नसून रोपांचा आहे. महाबळेश्वरसाठी मातृरोपे मुख्यतः परदेशातून, विशेषतः कॅलिफोर्नियातून येतात. वाईसारख्या कमी पावसाच्या भागातील रोपवाटिकांत पावसाळ्यात त्यांच्या धावत्या खोडांपासून नवी रोपे तयार होतात. या आयातीवर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाचे नियंत्रण असते, आणि पॅलेटचे लाकूडही त्याच आदेशाच्या दारातून देशात येते.

२००५-०६ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय फलोत्पादन अभियान २०१४-१५ पासून एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात समाविष्ट झाले. नागरी परसबागेसाठी एखाद्या नगरपालिकेने अथवा राज्याने उद्या योजना आखली, तर पैसा पेटीवर खर्च करावा की रोगमुक्त रोपांवर, हा निवडीचा प्रश्न उभा राहील. पेट्या मोजता येतात, त्यांचे वाटप एका दिवसात होते आणि त्यांवर योजनेचे नाव रंगविता येते. रोपे मात्र सप्टेंबरअखेर नेमकी हाती पडावी लागतात. नोव्हेंबरमध्ये पोहोचलेली रोपे सागवानी पेटीत लावली तरी त्यांचा निम्मा हंगाम हुकलेला असतो.